सात नंबरची बाटली

लिव्हर सरांच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते आणि पाचशेला एक कमी पडत होतं. हे पाचशे म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी गंमत वाया जाईल. संशोधकांच्या जगात एक पद्धत आहे. आपण पेपर लिहायचा, छापून आणायचा आणि मग वाट बघत बसायची, की जगात दुसरं कुणी त्याच्या पेपरमध्ये आपलं नाव घेतंय का. घेतलं, की एक सायटेशन. त्या माणसाने आपला पेपर वाचला का, त्याला तो कळला का, पटला का, असल्या चौकशा कुणी करत नाही. नाव घेतलं, आकडा वाढला, विषय संपला. सरांच्या एका पेपरची अशी चारशे नव्व्याण्णव सायटेशन झाली होती. शुक्रवारच्या निरोप समारंभात त्यांना तो पेपर फ्रेम करून द्यायचा आणि फ्रेमवर सोनेरी अक्षरांत पाचशे असा आकडा घालायचा, असं विभागाने ठरवलं होतं. फ्रेमवाल्याला तसं सांगूनही झालं होतं. उरलेलं एक कुठूनतरी येईलच, असं विभागाचा कारकून म्हणायचा आणि दर तासाला कॉम्प्युटर उघडून बघायचा.

सर औषधशास्त्राचे. त्यांनी जन्मभर एकच प्रश्न धरून ठेवला होता: गोळी पोटात गेली, पुढे तिचं काय होतं? तुम्हाआम्हाला वाटतं, गोळी घेतली, बरं वाटलं, झालं. सरांना हे ऐकवत नसे. ते समोरच्याला बसवून घ्यायचे आणि सांगायचे, की गोळी म्हणजे घरी आलेला पाहुणा. लिव्हर त्याला चार घटका बसू देतं आणि मग त्याची बांधाबांध करून, तुकडे करून, लघवीच्या वाटेने त्याला निरोप देतं. काही जणांचं लिव्हर पाहुण्याला पटकन वाटेला लावतं, काही जणांचं भिडस्त असतं. ज्याचं भिडस्त, त्याच्या अंगात गोळी जास्त वेळ ठाण मांडून बसते, म्हणून त्याला ती कमी द्यायची. एवढं सांगून सर थांबायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत असं बघायचे, जणू त्याचं लिव्हर त्यांना आरपार दिसतंय. कुणाच्याही घरी गेले तरी त्यांची नजर आधी औषधांच्या डब्यावर जायची. मित्र त्यांना जेवायला बोलवण्याआधी डबा लपवून ठेवायचे.

तो चारशे नव्व्याण्णववाला पेपर एकोणतीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा सरांची नोकरी कच्ची होती आणि लग्न ताजं होतं. सांधेदुखीवरच्या एका गोळीचं लिव्हर काय करतं ते त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी बारा धडधाकट माणसं हवी होती. प्रत्येकाने सकाळी सातला एक गोळी घ्यायची आणि तिथून चोवीस तास जी काही लघवी होईल ती एका मोठ्या तपकिरी बाटलीत जमा करायची. एक थेंबही बाहेर जाता कामा नये. बाटलीवर नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा. आता हे काम आनंदाने करणारी बारा माणसं कुठल्याही गावात मिळणं अवघडच. सरांना तीन महिने हिंडून अकरा मिळाली. शेवटी बारावा त्यांनी घरातलाच धरला, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा मेहुणा नोकरी शोधायला आठ दिवसांसाठी म्हणून आला होता आणि चौथा महिना चालू होता, त्यामुळे त्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्याच्या बाटलीवर नंबर पडला सात.

बाटल्या तपासल्या, तर अकरा बाटल्यांत लिव्हरने केलेला गोळीचा तुकडा सापडला आणि सात नंबरमध्ये नावालासुद्धा नाही. त्या काळचं यंत्र फक्त तो तुकडा ओळखायचं, अख्खं औषध त्याला दिसायचं नाही. सरांनी चार वेळा तपासलं. चारही वेळा शून्य. या गोळीला अजिबात हात न लावणारं लिव्हर जगात असू शकतं, आणि ते आपल्याच घरी सोफ्यावर लोळत पडलंय, हा विचारच केवढा मोठा. त्यांनी दणक्यात पेपर लिहिला. सर काटेकोर माणूस, म्हणून सात नंबरच्या नमुन्याचा रंग बराच फिका होता, हेसुद्धा त्यांनी लिहून टाकलं. मासिकाच्या परीक्षकांनी कळवलं, की सात नंबरची तपासणी पुन्हा एकदा करावी. मेहुण्याने कानांवर हात ठेवले. त्याहून आश्चर्य म्हणजे बायको मध्ये पडली. माझ्या भावाला आता तुम्ही छळायचं नाही, असं तिने बजावलं, आणि नव्या नवरीचा तेवढा चढलेला आवाज सरांनी पहिल्यांदाच ऐकला. मग सरांनी परीक्षकांना लिहिलं, की संबंधित स्वयंसेवक उपलब्ध नाही. हे अगदीच खोटं नव्हतं. स्वयंसेवक घरात होता, उपलब्ध तेवढा नव्हता.

पेपर छापून आला आणि वर्षाच्या आत सरांची नोकरी पक्की झाली. मग जगभर सात नंबरचा बोलबाला सुरू झाला. कुणी त्या लिव्हरचं गणित मांडलं, कुणी उंदरांमध्ये सात नंबर शोधला, एका विद्वानाने तर लघवीचा फिका रंग आणि भिडस्त लिव्हर यांचा संबंध काय, यावर नऊ पानं लिहिली. डॉक्टरांच्या पुस्तकात बारीक अक्षरांत एक सूचना आली, की असा रुग्ण आढळल्यास या गोळीचा पाव डोस द्यावा.

आणि मेहुणा? त्याला विसाव्या वर्षी कळलं, की आपण जगावेगळे आहोत, आणि तिथून तो जो चढला तो खाली उतरलाच नाही. पेपरची झेरॉक्स त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगली. मुलगी बघायला गेला तिथे दाखवली. नोकरीच्या मुलाखतीत दाखवली. कोष्टक दोन, ओळ सातवी, तिथे बोट ठेवून म्हणायचा, हा मी. डोकं दुखलं तरी पाव गोळी घ्यायचा, आपल्याला जास्त सोसत नाही म्हणून, आणि मग दिवसभर डोकं धरून बसायचा, पण ऐटीत. नातेवाईक त्याला नमुना म्हणायचे. त्याला ते कौतुक वाटायचं.

तर असा हा मेहुणा तीन आठवड्यांपूर्वी वाकून बुटाची नाडी बांधायला गेला आणि तसाच राहिला. कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांनी नेमकी तीच जुनी गोळी लिहिली, आणि मेहुण्याने नेमकी तीच झेरॉक्स काढली. डॉक्टर शिकलेले होते. खुद्द सात नंबर आपल्या दवाखान्यात आलाय हे बघून ते खुर्चीवरून उठले, आणि बसल्यावर त्यांनी डोस खोडून पाव केला. मेहुण्याची बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, म्हणून हा मुक्कामाला आला बहिणीकडे. एकोणतीस वर्षांनी तोच माणूस त्याच घरात पुन्हा सोफ्यावर. फरक एवढाच, की आता तो कण्हत होता.

सोमवारी संध्याकाळी सर घरी आले तेव्हा मेहुणा पाण्याचा ग्लास घ्यायला उठत होता. अर्ध्यात पोचला आणि अडकला, ना उभा ना बसलेला, आणि त्याच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी यायला लागलं. दोघांनी मिळून त्याला परत आडवा केला. सरांची बायको आतल्या खोलीत गेली, सरांना तिने खुणेने बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"त्याला अख्खी गोळी द्या," ती म्हणाली.

सरांनी तिला समजावून सांगितलं. लिव्हर म्हणजे काय, पाहुणा म्हणजे काय, सात नंबर म्हणजे कोण, सगळं पहिल्यापासून. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती, तिने हे व्याख्यान निदान दोनशे वेळा ऐकलं असेल. ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती. सरांचं संपल्यावर तिने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"सात नंबर मी आहे," ती म्हणाली.

मग एकदा तोंड उघडल्यावर तिने सगळंच सांगून टाकलं. त्या दिवशी सकाळी चोवीस तास पुरे झाले होते आणि बाटली न्हाणीघरात ठेवलेली होती. सर बाकीच्या अकरा बाटल्या गोळा करायला गेले होते, भाऊ मुलाखतीला गेला होता, आणि ही फरशी घासत होती. कोपर लागलं. बाटली आडवी झाली आणि हिच्या डोळ्यांदेखत सगळी मोरीत गेली. सर पाच वाजता बाटली न्यायला येणार होते. आधी तिने नळाचं पाणी भरायचा विचार केला, पण नवरा एवढा शिकलेला, त्याला पाणी ओळखू येईल. मग ती पाणी पीत सुटली. अकरापासून पाचपर्यंत किती ग्लास प्याली याचा तिने हिशेब ठेवला नव्हता, पोटाला तडस लागेपर्यंत प्याली एवढं आठवत होतं. आणि आधी जिथपर्यंत होती तिथपर्यंत बाटली तिने भरून ठेवली. गोळी तिने घेतलेली नव्हती, तर तुकडा यायचा कुठून?

सर पलंगावर बसले. घरावर वीज पडली तरी संशोधक तो संशोधकच. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की म्हणून रंग फिका होता का? ती म्हणाली, हो. जगातल्या एका विद्वानाची नऊ पानं सरांच्या डोळ्यांसमोरून उडून गेली.

त्यांनी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस.

"तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. तुमचा स्वभाव कळला नव्हता," ती म्हणाली. "नंतर कळला, म्हणून सांगितलं नाही."

आणि मग त्या पेपरवर नोकरी पक्की झाली, घर झालं, नाव झालं. आता कुठल्या तोंडाने सांगू, असं करता करता एकोणतीस वर्षं निघून गेली. पण भाऊ असा डोळ्यांसमोर तळमळतोय आणि तिच्या एका दुपारच्या पाण्यापायी त्याला पाव गोळी मिळतेय, हे तिला आता बघवेना. ती रडायला लागली. सरांना तिचा भयंकर राग आला होता, पण हातरुमाल काढून त्यांनी तिलाच दिला, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही.

बायको म्हणाली म्हणून मान्य करतील तर ते लिव्हर सर कसले. मंगळवारी सकाळी त्यांनी मेहुण्याकडे लघवीचा नमुना मागितला. पाव गोळी का होईना, तो तीन आठवडे ती घेत होता. तिचा तुकडा आजच्या यंत्राला दिसायलाच हवा, अर्थात लिव्हरने तो केला असेल तर. मेहुण्याचा चेहरा उजळला. पुन्हा पेपर निघतोय का, असं त्याने विचारलं, आणि न्हाणीघरात जाण्याआधी केस विंचरले.

प्रयोगशाळेतलं आताचं यंत्र अख्खं औषधही ओळखतं आणि तुकडाही. सरांनी नमुना लावला आणि स्टुलावर बसून पडद्याकडे बघत राहिले. सरळ रेघ, सरळ रेघ, आणि मग नेमका जिथे यायचा तिथे सुळका वर आला. चांगला ठसठशीत, पाठ्यपुस्तकात छापावा असा. सरांनी तीन वेळा लावून पाहिला. तिन्ही वेळा तोच. त्यांच्या मेहुण्याचं लिव्हर हे अत्यंत साधं, सरळ, चारचौघांसारखं, कामसू लिव्हर होतं.

सरांनी हाडांच्या डॉक्टरांना फोन करून डोस पुरा करायला लावला. मेहुण्याला त्यांनी एवढंच सांगितलं, की डॉक्टरांचा विचार बदललाय. अख्खी गोळी हातात घेऊन मेहुणा बराच वेळ बसला. मग त्याने बायकोला फोन लावला, मुलीशी बोलला, न पाहिलेल्या नातवाला आशीर्वाद दिला आणि डोळे मिटून गोळी गिळली. बुधवारी सकाळी तो स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जाऊन वर्तमानपत्र घेऊन आला.

आता सरांपुढे खरा पेच होता. मेहुण्याचं निभावलं, पण पुस्तकातली ती बारीक अक्षरांतली सूचना तशीच होती. कुठल्यातरी गावात कुठलातरी डॉक्टर तिच्या आधाराने कुणालातरी पाव गोळी देत असणार, आणि तो बिचारा असाच अर्ध्यात अडकून रडत असणार. सांगायला तर हवंच होतं. पण शुक्रवारी समारंभ होता, फ्रेम होती, हार होता, खुर्च्या मांडायला सांगून झालं होतं. जन्मभराच्या कामाला लोक एकदाच टाळ्या वाजवतात. सरांनी मनाशी ठरवलं, की शुक्रवार पार पडू द्यायचा. सोमवारी मासिकाला गपचूप एक पत्र पाठवायचं. बायकोही म्हणाली, एवढी वर्षं थांबलं ते आणखी चार दिवस थांबेल. म्हणजे घरात तरी एकमत होतं.

बुधवारी दुपारी विभागप्रमुख बाईंनी सरांना खोलीत बोलावलं. या बाई सरांची पहिली विद्यार्थिनी. आता विभाग त्यांच्या हातात होता, त्यामुळे चारचौघांत सर त्यांना मॅडम म्हणायचे आणि दार बंद झालं की अगं-तुगंवर यायचे. बाई हुशार, टापटिपीच्या, सगळ्या सह्या वेळेवर करणाऱ्या. प्रयोगशाळेत मात्र त्या वीस वर्षांत फिरकल्या नव्हत्या. शुक्रवारचं भाषण त्यांनी लिहून काढलं होतं आणि तारखा बरोबर आहेत ना, एवढं त्यांना सरांकडून तपासून हवं होतं.

सरांनी चष्मा लावून वाचायला घेतलं. पहिल्या पानावर सरांची स्तुती होती, ती त्यांनी सावकाश वाचली. दुसऱ्या पानावर बाईंनी स्वतःचं लिहिलं होतं. सरांनी मला पीएचडीला विषय दिला तो सात नंबरसारखी आणखी माणसं शोधण्याचा. मी तीनशे चाळीस माणसं तपासली. मला एकही सापडला नाही. सर म्हणाले, तुझी पद्धत चुकतेय, हात सुधार. मी पुन्हा तपासलं, तरी सापडला नाही. यात चार वर्षं गेली. शेवटी तो भाग प्रबंधातून काढून टाकला आणि उंदरांवर काहीतरी करून मी पदवी घेतली. त्यातून मला एक कळलं, की माझा हात प्रयोगाला चांगला नाही. म्हणून मी टेबलावरच्या कामाकडे वळले. सरांनी मला वेळेवर जागं केलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

हे सगळं तिने हसतखेळत लिहिलं होतं. शेवटच्या वाक्यापुढे कंसात 'इथे हशा' असंही लिहिलेलं होतं.

सरांना ते दिवस लख्ख आठवले. ही मुलगी कागद घेऊन दारात उभी राहायची. सर मान वर न करता विचारायचे, सापडला? ती म्हणायची, नाही सर. आणि सर म्हणायचे, जा, परत कर. तीनशे चाळीस बाटल्या. त्यातली एकसुद्धा सांडली नव्हती. सर इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते, की पोरगी कष्टाळू आहे, पण हाताला गुण नाही. आत्ता कुठे त्यांना उमगलं, की त्यांनी काय केलं होतं, आणि त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की कान गरम झाले.

बाईंनी विचारलं, काही चुकलंय का.

सर म्हणाले, चुकलंय, पण भाषणात नाही. आणि सोमवार बिमवार सगळं विसरून त्यांनी सांगायला सुरुवात केली. न्हाणीघर, कोपर, पाण्याचे ग्लास, मोरी, मंगळवारचा सुळका. एकदाही लिव्हरवर व्याख्यान न देता सरांनी सलग दहा मिनिटं बोलण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. पाण्याच्या ग्लासांपाशी बाईंना हसू फुटलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरून कारकून डोकावून गेला. मग एकाएकी हसू थांबलं. त्या उठून खिडकीशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

"चार वर्षं, सर," त्या म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढून भाषणाच्या कागदांवर ठेवला.

"म्हणजे माझा हात..."

"तुझा हात चांगला होता," सर म्हणाले. "चुकलो मी. तुझ्या तीनशे चाळीस बाटल्यांवर विश्वास ठेवायचा सोडून मी माझ्या एका बाटलीवर ठेवला."

बाईंनी डोळे पुसले. मग त्यांच्यातली विभागप्रमुख जागी झाली आणि त्या म्हणाल्या, की फ्रेमवाला फ्रेम परत घेणार नाही, त्यामुळे समारंभ तर होणार. सर म्हणाले, होऊ दे, बोलायचं ते मी बोलतो.

गुरुवारी मेहुण्याला सांगणं भाग होतं, कारण शुक्रवारी सात नंबर म्हणून त्याचाही गुच्छ देऊन सत्कार ठरला होता आणि त्याने सूट इस्त्रीला टाकला होता. बहिणीनेच सांगितलं. मेहुणा सोफ्यावर ताठ बसून ऐकत होता. कंबर आता ताठ बसू देत होती. सगळं ऐकून झाल्यावर त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून ती झेरॉक्स काढली, कोष्टक दोन, सातवी ओळ पाहिली, आणि विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच डोकं धरून बसलो?" मग पिशवी सोफ्याखाली ढकलून तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. संध्याकाळी मात्र त्याने स्वतःहून बहिणीला विचारलं, की पाणी पिऊन पिऊन तुला काही त्रास नाही ना झाला तेव्हा? मग दोघं भावंडं एकमेकांकडे बघून जी हसायला लागली, ती सर चिडून उठून जाईपर्यंत हसत राहिली.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. बाईंनी भाषणाचं दुसरं पान वाचलं नाही, त्या म्हणाल्या, पुढचं सर सांगतील. सरांनी सांगितलं. बायकोचं नाव घेतलं नाही, घरातल्या एका व्यक्तीकडून नमुना सांडला एवढंच ते म्हणाले, पण पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोचा चेहरा बघून शेवटच्या रांगेलाही काय ते कळलं. परीक्षकांना आपण 'स्वयंसेवक उपलब्ध नाही' असं लिहिलं होतं, तेही त्यांनी सांगून टाकलं. मग त्यांनी बाईंच्या तीनशे चाळीस नमुन्यांबद्दल सांगितलं, आणि म्हणाले, की या विभागात या गोळीवर खरं काम एकाच माणसाने केलंय आणि ते मी वीस वर्षं कपाटात कोंडून ठेवलं. सभागृहात कुणालाच कळेना, टाळ्या वाजवायच्या की नाही. शेवटी मेहुणा उभा राहिला, एकटाच टाळ्या वाजवायला लागला, आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. कारकून मागे फ्रेम छातीशी धरून उभा होता, ती कुणाला द्यायची ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चुकीची दुरुस्ती छापून यायला चार महिने लागले. लेखकांमध्ये पहिलं नाव बाईंचं होतं, दुसरं सरांचं. तीनशे चाळीस माणसांचं कोष्टक पुरं छापलं होतं, आणि पाव डोसाची सूचना काढून टाकावी असं स्वच्छ लिहिलं होतं. दुरुस्ती म्हटल्यावर मूळ पेपरचं नाव घ्यावंच लागतं. त्या दिवशी कारकुनाचा सरांना घरी फोन आला, आनंदाने त्याचा आवाज फुटत होता. पाचशे झाले होते. पाचशेवं सायटेशन सरांनी स्वतःलाच दिलं होतं, आपण चुकलो हे सांगायला.

एक गोष्ट अजून बाकी होती, आणि ती बाईंच्या लक्षात आली. सरांची बायको सात नंबर म्हणून जगभर गाजली, पण तिची तपासणी खऱ्या अर्थाने कधी झालीच नव्हती. डॉक्टरांना विचारून एका सकाळी तिने सातला गोळी घेतली, आणि चोवीस तास ती तपकिरी बाटली तिने न्हाणीघरात न ठेवता कपाटात कुलूप लावून ठेवली, दर वेळी किल्लीने उघडून. दुसऱ्या दिवशी रिक्षात बाटली मांडीवर घेऊन नवराबायको विभागात गेले.

बाईंनी वीस वर्षांनी पांढरा कोट चढवला होता. तो त्यांना घट्ट होत होता. सर आता निवृत्त, परका माणूस, म्हणून त्यांना कोपऱ्यातलं स्टूल मिळालं. बाईंनी बाटलीतून नमुना काढला, नळीत सोडला, मोजला, पुन्हा काढला. हात जरासुद्धा हलत नव्हता. एक थेंबही इकडचा तिकडे झाला नाही. पडद्यावर सुळका येतो की नाही, हे विसरून सर त्या हाताकडेच बघत राहिले. चार वर्षं ही मुलगी त्यांच्यापासून दहा पावलांवर रोज हेच करत होती, आणि त्यांनी मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.